सायलेन्सर लावला, आता टेस्टिंग कोण करणार?

मंडळी, आमच्या नांदेड-लातूरकडे सायलेन्सर म्हटलं की बुलेटची फटफट आठवते, आणि रायफलचा म्हटलं की सिनेमातलं 'फुस्स'. दोन्ही डोक्यातून काढा. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका सायलेन्सरने थांबत नाही, फक्त नळीच्या तोंडाशी होणारा आवाज कमी होतो.

खरी भानगड पुढेच आहे. सायलेन्सर गॅस अडवतो, तो मागे यंत्रणेत शिरतो आणि बोल्ट वाजवीपेक्षा जोरात धावतो. मॅगझीनने पुढचं काडतूस वर ढकलेपर्यंत बोल्ट परतलेलासुद्धा असतो. झालं, रायफल जाम! इलाज आहेत: गॅस कमी करा, किंवा दस्त्यातला बफर जड नि स्प्रिंग कडक घ्या. पण फार जड केलात, तर सायलेन्सर काढल्यावर बोल्ट पुरता मागेच जात नाही. म्हणजे चाचणी दोन्ही अवस्थांत हवी, आणि रोजच्या वापरातल्याच काडतुसांवर.

सैन्यदलांसाठी २०१९ मध्ये ७२,४०० आणि २०२४ मध्ये आणखी ७३,००० सिग ७१६ रायफलींचे करार झाले. या बफरवाल्याच. चर्चा मात्र कशाची? किंमत आणि देश! उद्या लष्करात असो वा मुदखेडच्या सीआरपीएफ, चाकूरच्या बीएसएफ केंद्रातून निघालेल्या पोरांच्या हातात, "वरून सायलेन्सर लावून देऊ, चालतंय" हे चालणार नाही. अहो, आम्ही एक ओळ बदलली तरी अख्खी सिस्टिम पुन्हा तपासतो. आणि आमचा तर फक्त सर्व्हर बसतो.