खिडकीबाहेर पाऊस नव्हता

सेमिस्टर एक्स्चेंजला निघालेल्या कुणाचीही बॅग बघा. भाजणी, छोटा कुकर, अ‍ॅडॉप्टर, इन्शुरन्सची प्रिंट. त्याबरोबर न भरताच जाणारी एक गोष्ट असते, ती म्हणजे पावसाबद्दलचा मुंबईकराचा कॉन्फिडन्स. 'आम्ही २६ जुलै पाहिलाय' असं आपण छातीठोक सांगतो. (खरं तर आपल्यापैकी बहुतेकांनी तो घरच्यांकडून ऐकलाय.)

हा कॉन्फिडन्स परदेशात कितपत चालेल? स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा पूर बघा. २९ ऑक्टोबर २०२४ ला तिथल्या तुरीस गावात २४ तासांत ७७१ मिमी पाऊस पडला. आपल्या सांताक्रूझचा २००५ चा आकडा ९४४ मिमी, म्हणजे आकडा आपल्याला नवा नाही. पण सर्वात जास्त माणसं जिथे गेली, त्या पायपोर्टात त्या दिवशी जेमतेम पाऊस होता. वरच्या डोंगरांत पडलेलं पाणी एका ओढ्यातून खाली आलं. हा ओढा वर्षातला बराचसा काळ कोरडाच असतो. कोरड्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांना काही कळायच्या आत पाणी छातीपर्यंत आलं. गाडी वाचवायला बेसमेंटच्या पार्किंगमध्ये उतरलेले कितीतरी जण वर आलेच नाहीत. व्हॅलेन्सिया प्रांतात सव्वादोनशेहून जास्त लोक गेले.

आता त्या दिवशी तिथे असलेल्या एक्स्चेंज स्टुडंटच्या जागी स्वतःला ठेवा. हवामान खात्याचा रेड अलर्ट सकाळीच आलेला. व्हॅलेन्सिया विद्यापीठाने वर्ग रद्द केलेले. खिडकीबाहेर पाऊस नाही. म्हणजे काय, सुट्टी! मी तरी नक्की बाहेर पडले असते. मोबाइलवर सरकारी अलर्ट वाजला तो रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी, 'प्रवास टाळा' म्हणून. पायपोर्टात तोवर पाणी शिरून तास उलटून गेला होता. या उशिरावरून वर्षभर मोर्चे निघत राहिले आणि प्रांताचे प्रमुख कार्लोस माझोन यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये राजीनामा जाहीर केला.

सरकार चुकलंच, पण आपल्यासाठी मुद्दा वेगळा आहे. अंधेरी सबवे कधी भरतो, मिलन सबवेला कधी जायचं नाही, दहिसर आणि पोईसर या नावापुरत्या नद्या कुठे फुगतात, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. ते अंगवळणी पडलंय. परदेशात हा नकाशाच डोक्यात नसतो. व्हॅलेन्सियात १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदीच शहराच्या दक्षिणेला वळवली. त्यामुळे २०२४ ला मुख्य शहर बऱ्यापैकी वाचलं आणि नव्या पात्रापलीकडची गावं बुडाली. हे तिथल्या आजीला माहीत असेल. रूम रेंट बघून घर घेणाऱ्या, चार महिन्यांसाठी आलेल्या पोराला कसं कळणार?

आणि खिडकीवर विश्वास ठेवायची सवय तर आपलीच आहे. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला तेव्हा कुलाब्यात जेमतेम ७४ मिमी होता. टाउनमधल्या ऑफिसातून लोक नेहमीसारखे निघाले आणि उपनगरात अडकले. काहींचा तर गाडीतच जीव गेला.

जपानने १९९५ च्या कोबे भूकंपानंतर परदेशी लोकांना इशारे समजले नाहीत हे मान्य केलं आणि सोप्या जपानीत सूचना द्यायला सुरुवात केली. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात टीव्हीवर 'पळा' हा शब्द लहान मुलालाही वाचता येईल अशा लिपीत झळकत होता. पण प्रत्येक देश असं करेलच असं नाही. भारतीय विद्यार्थ्यांसाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंदणीची सोय आहे. दूतावासाला तुमचा पत्ता माहीत असेल तरच तो तुम्हाला शोधणार ना.

एक्स्चेंजला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नेहमीचे प्रश्न असतात : इंडियन ग्रोसरी कुठे, सिम कुठलं, पार्टटाइम मिळतं का. त्यात आणखी दोन घाला. जवळचा ओढा कुठे आहे? आणि ही तळमजल्याची रूम इतकी स्वस्त का?