पेढीवाली बाई आणि अध्यक्षपदाची उमेदवारी

१/ दर मार्च महिन्यात, महिला दिनाच्या सुमारास, एक पोस्ट हमखास फिरते : 'अमेरिकेच्या अध्यक्षपदाची पहिली महिला उमेदवार, मतदानाच्या दिवशी मात्र तुरुंगात!' खाली हसरे चेहरे. वाचणारा हसतो, पुढे पाठवतो आणि इतिहास वाचल्याचे समाधान पदरात पाडून घेतो. हा धागा त्या समाधानाविरुद्ध आहे.

२/ पोस्टमधली माहिती खोटी नाही. ५ नोव्हेंबर १८७२ रोजी व्हिक्टोरिया वुडहल न्यूयॉर्कच्या लडलो स्ट्रीट तुरुंगात होत्या. पण आधीची अडीच वर्षे गाळली की खरी माहितीही दिशाभूल करते. माझे म्हणणे असे : ही उमेदवारी म्हणजे विक्षिप्तपणा नव्हता. ती एका पेढीच्या गल्ल्यावर उभी होती, आणि गल्ला आटला तशी ती खचली.

३/ बाईंचा जन्म १८३८ मधला, ओहायोतील होमर या खेड्यातला. वडील रामबाण म्हणून भलतीसलती औषधे विकणारे. शाळा जेमतेम. पंधराव्या वर्षी लग्न, नवरा दारुडा डॉक्टर. पोटासाठी बाईंनी भविष्य सांगितले, मृतात्म्यांशी बोलण्याचे प्रयोगही केले. हे लपवण्याचे कारण नाही. सभ्य मिळकतीचे दरवाजे बंद असलेल्या बाईने उघडे दार धरले, इतकाच त्याचा अर्थ.

४/ फेब्रुवारी १८७० मध्ये बहीण टेनेसी क्लॅफ्लिनसह त्यांनी ब्रॉड स्ट्रीटवर शेअरदलालीची पेढी उघडली. पाठीशी रेल्वेसम्राट कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट होते. इथे टीकाकार टाळी मागतो : 'म्हणजे पुरुषाच्याच जोरावर!' मग वॉल स्ट्रीटवर कोणाचाही आधार न घेता उभा राहिलेला एक तरी पुरुष दाखवा. शेअर बाजाराचे सदस्यत्व तर बायकांना मिळतच नव्हते. न्यूयॉर्कच्या बाजारात पहिली स्त्री सदस्य झाली ती १९६७ मध्ये.

५/ आणि बाई व्हँडरबिल्टच्या हातातली बाहुली होत्या म्हणावे, तर फेब्रुवारी १८७२ चे त्यांचे भाषण आठवा. मूठभरांच्या हाती साचलेल्या संपत्तीवर त्यांनी जाहीर सभेत कोरडे ओढले आणि त्यात व्हँडरबिल्टचे नावही घेतले. बाहुली धन्याचे नाव असे घेत नाही.

६/ पेढीमागे कायद्याचीही एक गोष्ट आहे, आणि पोस्टमध्ये ती कधीच नसते. जुन्या इंग्रजी रूढीनुसार लग्न झालेल्या बाईची कमाई नवऱ्याची. न्यूयॉर्क राज्याने १८४८ मध्ये पत्नीची मालमत्ता तिच्या नावे राहू दिली आणि १८६० मध्ये तिची कमाई व व्यापारही तिचाच मानला. दहाच वर्षांनी ही पेढी उघडली. स्वतःचा पैसा स्वतःच्या हाती, हा हक्क मताच्या हक्काआधी आला, हे ध्यानात ठेवा.

७/ २ एप्रिल १८७० रोजी 'न्यूयॉर्क हेरल्ड'मध्ये बाईंचे पत्र छापून आले. अध्यक्षपदासाठी मी उभी आहे, अशी त्यात घोषणा. मागे पक्ष नाही, अधिवेशन नाही, ठराव नाही. त्यांच्या युक्तिवादाचा सारांश असा : इतर जणी समतेवर वाद घालत होत्या, तेव्हा मी धंदा यशस्वी करून ती सिद्ध केली. पेढी हीच त्यांची पात्रता होती. मत देण्याचा हक्क नसलेली बाई मत मागायला उभी राहत होती.

८/ महिनाभराने, १४ मे १८७० ला, बहिणींचे साप्ताहिक निघाले. त्याच पानांवर डिसेंबर १८७१ मध्ये कम्युनिस्ट जाहीरनाम्याचा इंग्रजी अनुवाद छापला गेला. शेअरदलालांच्या पत्रात मार्क्स! विसंगती खरीच. पण छापखान्याचे बिल स्वतः भरणाऱ्याला काय छापावे हे दुसऱ्याला विचारावे लागत नाही, हेही त्यातून दिसते.

९/ ११ जानेवारी १८७१ रोजी प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीपुढे बाईंनी मांडले : चौदाव्या व पंधराव्या घटनादुरुस्तीने नागरिकांना हक्क दिले, स्त्रिया नागरिक आहेत, म्हणजे मत त्यांना मिळालेलेच आहे. समितीच्या बहुमताने ते फेटाळले. १८७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की स्त्री नागरिक आहे, पण नागरिकत्वात मत येत नाही. मुद्दा हरला, परंतु तो वेडगळ नव्हता.

१०/ काटेकोर बोलायचे तर १८७२ च्या मेमध्ये त्या अपक्ष राहिल्या नाहीत. समर्थकांनी 'समान हक्क पक्ष' काढून त्यांना उमेदवारी दिली. उपाध्यक्षपदासाठी फ्रेडरिक डग्लस यांचे नाव घातले. त्यांनी त्याची दखलही घेतली नाही. शिवाय घटनेनुसार अध्यक्षाचे वय पस्तीस हवे, बाई चौतिशीत. हे आक्षेप रास्त आहेत. पण विरोधकांचा खरा मारा यांवर नव्हताच.

११/ मारा होता चारित्र्यावर. लग्न आणि घटस्फोट हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न, सरकारचा नव्हे, असे बाई म्हणत. फेब्रुवारी १८७२ मध्ये 'हार्पर्स वीकली'त टॉमस नॅस्टने त्यांना पंख असलेली सैतानीण रंगवले. हिशेबातली चूक कोणी दाखवली नाही, घटनेवरचा युक्तिवाद कोणी खोडला नाही. शिंगे काढली, काम झाले. पैसा आटत गेला आणि जूनमध्ये साप्ताहिक थांबले.

१२/ २ नोव्हेंबरच्या अंकाने ते पुन्हा निघाले. त्यात नामांकित धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर यांचे मित्रपत्नीशी संबंध असल्याचा आरोप होता. त्या स्त्रीचेही नाव चव्हाट्यावर आणले, ही बाईंची चूक होती असे मी मानतो. पण अटक झाली ती अश्लील मजकूर टपालाने पाठवल्याच्या आरोपावरून. १८७३ मध्ये त्या निर्दोष सुटल्या. बीचर मात्र आपल्या व्यासपीठावर कायम राहिले.

१३/ त्यांना देवी करू नका. पुढे इंग्लंडात त्यांनी आपली जुनी मते नाकारली आणि 'सुप्रजनना'चा, म्हणजे माणसांतही निवडक वाण वाढवण्याचा, घातक विचार मांडला. तोही त्यांच्याच नावावर जमा आहे. पण देवी नाही म्हणून विदूषक, हा कुठला न्याय?

१४/ 'पहिली' हा शब्द आपल्याला फार आवडतो, कारण तो विचारापासून सुटका देतो. पक्षाशिवाय उभे राहण्याची किंमत कोणीतरी मोजतेच. ती कोणी मोजली, कुठून आणली आणि केव्हा संपली, यात खरा इतिहास असतो. मतदानाच्या दिवशी बाई कुठे होत्या, हे पोस्ट सांगते. पुढच्या मार्चमध्ये ती तुमच्याकडे आली, तर पाठवणाऱ्याला एवढेच विचारा : जूनमध्ये त्यांचे साप्ताहिक का थांबले?