उर्दूत हुशार मूल इंग्रजी उताऱ्यात का अडखळतं?

बारावीनंतर बीबीए-बीसीए करायचं तर गेवराईचा मुलगा पूर्वी मार्कशीट घेऊन कॉलेजात जायचा, प्रवेश व्हायचा. २०२४ पासून राज्याने या अभ्यासक्रमांना सीईटी लावली. ९० मिनिटांत १०० प्रश्न, त्यात ४० एकट्या इंग्रजीचे! जामिया आणि अलिगढच्या काही अभ्यासक्रमांना २०२२ पासून सीयूईटी आहे. ती उर्दू-मराठीसह १३ भाषांत देता येते म्हणून पालक निश्चिंत होतात. पण तसे देता येतात ते बाकीचे विषय. इंग्रजीचा पेपर इंग्रजीतच असतो आणि त्यात मोठा वाटा उताऱ्यांचा.

आमची मुलं कच्ची नाहीत. उर्दूच्या तासाला इबारत वाचून ती मतलब बरोबर सांगतात. इंग्रजीत मात्र आपणच त्यांना गाईडमधली उत्तरं पाठ करायला लावली. प्रवेश परीक्षेतला उतारा पाठ कसा होणार?

एक नेहमीचा घोटाळा बघा. उताऱ्यात आधी धरणाचं भरपूर कौतुक, मग ‘हाउएव्हर’, आणि पुढे कालव्याचं पाणी शेतापर्यंत पोचलंच नाही. लेखकाचा सूर कोणता? मुलं ‘कौतुकाचा’ असं उत्तर देऊन मोकळी. ‘हाउएव्हर’ म्हणजे आपलं ‘लेकिन’. खरी बात त्याच्यानंतर येते. प्रश्नातले ‘नॉट’ आणि ‘एक्सेप्ट’ हे शब्दही असेच नजरेतून सुटतात.

म्हणून रोज एक नवा उतारा. पहिल्या वाचनात डिक्शनरी बंद. लेखक काय म्हणतो ते उर्दूत किंवा मराठीत एका ओळीत लिहायचं, मगच प्रश्न सोडवायचे. उत्तर चुकलं तर बरोबर उत्तर कोणत्या ओळीत आहे त्यावर बोट ठेवायचं. वेळ यातच जातो, आणि जाऊ द्यावा. काही उतारे स्क्रीनवरही वाचावेत. परीक्षा कॉम्प्युटरवर असते, तिथे पेन्सिलीने अधोरेखित करता येत नाही. एनटीएच्या वेबसाइटवरचे जुने पेपर फुकट आहेत, त्यासाठी महागडा क्लास लागत नाही.

मायनस मार्कांची दहशत जरा जास्तच आहे. सीयूईटीत बरोबर उत्तराला ५, चुकलं तर १ वजा. चारपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळलं, तर उरलेल्या दोनांतला एक निवडण्यात फायदाच. तरी मुलं, आणि मुली जास्तच, असे प्रश्न कोरे सोडतात. घरी सराव घेताना कोऱ्या जागा मोजा, आणि प्रत्येक जागी ‘का सोडलंस?’ एवढं विचारा.