शेततळ्याला कुंपण कोण घालणार?



पाण्यासाठी भांडणारे आम्ही आज पाण्याच्याच धोक्यावर लिहीत आहोत. २०१६ साली सरकारने 'मागेल त्याला शेततळे' योजना काढली, ५० हजारांपर्यंत अनुदान दिले. कपाशी-ज्वारीला ऐनवेळी एक पाणी मिळाले तर हंगाम हाती लागतो, तेव्हा शेततळे हवेच. पण तीन मीटर खोल तळ्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरला की त्याचा उतार शेवाळाने साबणासारखा होतो. घसरलेले पोर वर चढू शकत नाही. त्याच्यामागे उडी घेणारा बापही कित्येकदा परत येत नाही. पेपरात चार ओळी येतात, विषय संपतो.

२०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतली जवळपास चौथाई पाच वर्षांच्या आतली. आई वेचणीला, बाप औतामागे, पोर बांधावर. आणि बुडणारे मूल बहुधा ओरडतही नाही. बांगलादेशातल्या खेड्यांनी कामाच्या वेळेत मुले सांभाळायला पाळणाघरे काढली, तिथे बुडण्याचे प्रमाण बरेच घटले.

पोर बाहेर काढल्यावर आपल्याकडे त्याला उलटे टांगतात, पोट दाबतात, गरगर फिरवतात. हे सगळे घातक आहे. मेंदूला चार-सहा मिनिटे प्राणवायू मिळाला नाही तर पोर जगले तरी कायमचे अधू होऊ शकते. श्वास नसेल तर उताणे निजवा, हनुवटी उचला, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच वेळा हवा भरा. मग छातीच्या मधोमध भराभर ३० दाब, दोन श्वास. श्वास सुरू होईपर्यंत किंवा मदत येईपर्यंत थांबू नका. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. डोके आपटले असेल तर मान मुरगळू देऊ नका. पोर शुद्धीवर आले तरी दवाखान्यात न्याच. उलट्या, गुंगी, धाप काही तासांनीही सुरू होते.

वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटाला असलेल्या ओझरकरांनी १९९०-९१ च्या सुमारास पाणीवापर संस्था काढून पाणी स्वतः मोजून वाटायला घेतले. त्याच ओझरच्या बैठकीत आम्ही मागणी ठेवणार आहोत: कुंपणाचा पूर्ण खर्च अनुदानातच धरा, कुंपणाशिवाय शेवटचा हप्ता काढू नका. तोवर चारही बाजूंना खुंटीला बांधलेला गाठीचा दोर पाण्यात सोडा आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा ड्रम काठाशी ठेवा. येताना आपल्या गावात किती तळी उघडी आहेत ते मोजून आणा.