दप्तरात न चढलेली नावे

प्रेमा गोपालन २०२२ साली निवर्तल्या. त्यांचे स्मरण कोणी पुरस्कारांच्या यादीने करील, कोणी 'स्वयं शिक्षण प्रयोग' या त्यांनी उभारलेल्या संस्थेच्या नावाने करील. आपल्या धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्याने मात्र ते ज्या बायकांवर त्यांनी विश्वास टाकला त्यांच्या नावांनी करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून निजलेली सास्तूरसारखी गावे चारच्या सुमारास भूकंपाने ज्या माळवदांखाली गाडली गेली, ती माळवदे माणसांनी मोठ्या निगुतीने राखलेली होती. दर पावसाळ्यापूर्वी गळतीच्या धास्तीने पांढऱ्या मातीची पाटी वर ओतावयाची, आणि पिढ्यान्‌पिढ्या साचलेले ते ओझे दगड-मातीच्या भिंतींनी निमूट तोलून धरावयाचे, असा तो परिपाठ. पुढे जागतिक बँकेच्या साह्याने पुनर्वसन सुरू झाले, तेव्हा नव्याने वसविलेल्या गावांचा गवगवा झाला; परंतु न पडता उभ्या राहिलेल्या हजारो घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकाने स्वतः करावयाचे, सरकारने हप्त्याहप्त्याने रक्कम द्यावयाची, ही योजना घरोघर समजावून सांगणार कोण, हा प्रश्न तहसिलीच्या शिपायाकडून सुटणारा नव्हता. तो महिला मंडळांतून निवडलेल्या 'संवाद सहायक' बायकांनी सोडविला, आणि त्यांच्या पाठीशी प्रेमाताईंची संस्था होती.

डोईवरचा पदर सावरीत, भिंतीच्या दोन थरांना सांधणारा आरपार दगड कोठे बसवावयाचा आणि माळवदावरची माती किती उतरावयाची हे गवंड्याला विचारणारी बाई त्या काळी पुष्कळांना आगाऊ वाटली असेल. अर्ज कोणाचा अडला, हप्ता का आला नाही, हे विचारावयास ती जाई. पण तत्पूर्वी तिच्या भाकऱ्या थापून झालेल्या असत, धारा निघालेल्या असत, आणि परतल्यावर चूल तिचीच वाट पाहत असे. पुरुषांनी सावड केली, इर्जिक घातली, तर गाव त्याचे नाव काढते. बाईने केले की तो तिचा स्वभाव ठरतो! हा हिशेब मला कधी पटला नाही.

२००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या अशाच बायका तिकडे धीर द्यावयास गेल्या. तुळजापूर तालुक्यातील गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे ऐन तारुण्यात वैधव्य आल्यानंतर प्रेमाताईंच्या संस्थेच्या कामात उभ्या राहिल्या, आणि दुष्काळात बायकांनी घरधन्याकडून एक एकर मागून घेऊन त्यात तूर, मूग, ज्वारी व भाजीपाला लावावा, ही चळवळ त्यांच्यासारख्यांनी गावोगाव नेली. जी सून शेतावर उभा जन्म राबली, तिने त्याच शेताचा एक तुकडा मागावयाचा, ही गोष्ट ऐकावयास साधी आहे. सातबारावर आपले नाव नसलेल्या बाईला ती किती जड गेली असेल, ते तिलाच ठाऊक.

१९९३ साली तिशीत असलेल्या त्या संवाद सहायक आज साठी ओलांडून गेल्या आहेत, आणि त्यांतल्या काही आपल्यात राहिल्याही नसतील. ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच यांना माझी विनंती एवढीच की, येत्या ३० सप्टेंबरपूर्वी आपापल्या गावातील त्या बायकांची नावे, त्यांच्या माहेर-सासरसह, विचारून घ्यावीत, ग्रामपंचायतीच्या दप्तरात रीतसर नोंदवावीत, आणि त्या दिवशी ग्रामसभेत मोठ्याने वाचावीत.