खिडकीत कूलर बसला की

होळी झाली की खान्देशात माळ्यावरचे कूलर खाली येतात. जुनं गवत काढून नवं भरलं जातं, पंप तपासला जातो आणि कूलर खिडकीत चढतो. जळगाव असो, धुळं असो की भुसावळ, मधल्या खोलीला चांगली खिडकी बहुधा एकच असते आणि आठ महिने तिच्यापाशी रबर प्लांटची नाहीतर फिडल लीफची कुंडी उभी असते. कूलर आला की ती कुंडी सोफ्यामागे, जिन्याखाली, टीव्हीच्या कोपऱ्यात सरकते. राहिलेल्या खिडक्यांवर सकाळी दहालाच पडदे पडतात. बाहेर लाखभर लक्सचं ऊन तळपत असतं आणि त्या कोपऱ्यात उजेड मोजला तर अनेकदा शंभर लक्सही भरत नाही. जूनमध्ये ती कुंडी नेलेलं गिऱ्हाईक पानं गळालेला दांडा घेऊन आपल्या रोपवाटिकेच्या दारात येतं आणि म्हणतं, "भाऊ, याले ऊन लागलं."

इतक्या वर्षांत असे दांडे मी पुष्कळ हाताळले. कुंडी उपडी केली की मुळं काळी पडलेली, चिखलासारखी मऊ आणि आंबूस वासाची निघतात. ऊन लागलेल्या झाडाची मुळं अशी नसतात. या झाडांना अंधार बाधलेला असतो आणि त्या अंधारात माणसांनी मायेनं घातलेलं पाणी बाधलेलं असतं. आपल्याला घाम येतो म्हणून घरातली माउली कुंडीत रोज तांब्याभर पाणी ओतते. पण उजेड नसला की पान अन्न तयार करत नाही, पानांवरची रंध्रं मिटून राहतात, त्यात कूलरनं खोलीतली हवा दमट केलेली असते. झाड पाणी उचलणार कुठून? मुळं गुदमरली की पान पिवळं पडून गळतं. ते तहानेचं लक्षण वाटतं आणि आणखी एक तांब्या पडतो.

म्हणून या अंकाच्या निमित्तानं खान्देशातल्या रोपवाटिकाधारकांशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. रबर प्लांट, फिडल लीफ अशा घरात ठेवायच्या फायकसची काळजी गिऱ्हाइकाच्या घरी सुरू होत नाही, ती आपल्या शेडनेटखाली सुरू व्हायला हवी.

आपला बराचसा माल आंध्रातल्या कडियमहून किंवा पुण्याकडून ट्रकनं येतो. गोदावरीच्या काठच्या दमट हवेत, भरपूर उजेडात, खताच्या जोरावर वाढलेलं बेंजामिना ट्रकमधून उतरतं आणि कित्येकदा त्याच आठवड्यात एखाद्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये जाऊन बसतं. उन्हात तयार झालेलं पान जाड असतं. त्याला सावलीत जगता येत नाही आणि स्वतःला बदलताही येत नाही. झाड ते टाकून देतं आणि सावलीला पुरेल असं पातळ, रुंद पान नव्यानं काढू पाहतं. अंगात साठा असेल तर ते जमतं, नसेल तर दांडा उरतो. फ्लोरिडा विद्यापीठाच्या अपॉप्का इथल्या केंद्रात चार्ल्स कॉनोव्हर आणि रिचर्ड पूल यांनी 1970 च्या दशकात यावर बरंच काम केलं. रोप विकण्याआधी सावलीला सरावलं, त्याचं खत कमी केलं आणि मातीतले साठलेले क्षार धुऊन काढले, तर घरात गेल्यावर पानगळ पुष्कळ कमी होते, हे त्यातून पुढे आलं.

खरं तर हे जळगावला फ्लोरिडानं शिकवायची गरज नाही. टिश्यू कल्चरचं ग्रँड नैनचं रोप बाटलीतून काढून कोणी थेट शेतात लावत नाही. आधी हरितगृह, मग शेडनेट, मग शेत. आणि शेतातही बागेभोवती शेवरीचा किंवा गजराज गवताचा आडोसा. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हार्डनिंग हा शब्द तोंडपाठ आहे. फायकसला हेच हवं आहे, फक्त उलट्या दिशेनं. केळीचं रोप सावलीतून उन्हात न्यायचं असतं, हे उन्हातून सावलीत. माझा आग्रह सहा आठवड्यांचा आहे: माल उतरला की दोन आठवडे 50 टक्के शेडनेटखाली, पुढचे चार आठवडे 75 टक्क्यांखाली. सुरुवातीलाच प्रत्येक पिशवीतून दोन-तीनदा भरपूर पाणी वाहू द्यावं, म्हणजे खताचे क्षार निघून जातील. सहा आठवडे पैसा अडकतो, हे मला कळतं. मग रोपाची किंमत वाढवा आणि ती का वाढवली ते गिऱ्हाइकाला सांगा.

आता माती. आपल्याकडे अनेक जण शेतातली काळी माती कौतुकानं कुंडीत भरतात. शेतात ती सोनं आहे, पण कुंडीत वाळली की आक्रसते, कडेनं फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट बशीत उतरतं. गोळा मात्र आत कोरडाच राहतो. ओली झाली की ती फुगते आणि हवा कोंडते. कडियमच्या रोपांसोबत पिशवीत येणाऱ्या कोकोपीटचं दुखणं वेगळं. ते एकदा कडक वाळलं की पाणी झिडकारतं, मग पिशवी बादलीत बुडवून ठेवण्याशिवाय इलाज नाही. कुंडी बदलताना माती, कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू किंवा विटांचा चुरा समसमान घ्या. मी काळ्या मातीचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या वर कधी जाऊ देत नाही.

पाणी घालायचा दिवस ठरवून देऊ नका. बोटाची दोन पेरं मातीत घालायला शिकवा. आत कोरडं लागलं तरच पाणी. आणि एक गोष्ट न विचारता सांगा: आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी कुंडीत घालायचं नाही. पाणी वाया जाऊ नये म्हणून घरोघरी ते झाडांना घातलं जातं, पण बोअरच्या मुळातच जड पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसली की समजावं. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, अशी तक्रार आली तर ती लोहाच्या कमतरतेची. आपल्या चुनखडीच्या मातीत लोहाचं साधं ईडीटीए चिलेट टिकत नाही, मुळाशी द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं द्यावं लागतं.

कूलरबद्दल इंग्रजी पुस्तकांत काही सापडत नाही. त्यांच्या झाडांची गाठ हिटरशी असते. मेमध्ये पारा 44-45 वर असताना घरातली सर्वांत बरी हवा कूलरच्याच खोलीत असते. फक्त झाड झोताच्या समोर नको, बाजूला हवं आणि सकाळी सात ते नऊ पडदा उघडा हवा. पूर्वेच्या खिडकीतलं तेवढं ऊन रबर प्लांटला खुशाल चालतं. बंद, कोरड्या खोलीत राहिलेल्या झाडावर लाल कोळी येतो, म्हणून ओल्या फडक्यानं पानं दोन्ही बाजूंनी पुसायला सांगा. नांद्रुकाची कोवळी पानं शेंगेसारखी मिटलेली दिसली तर आत फुलकिडे असतात. तिथं फवारणी पोचत नाही, ती पानं खुडून टाकणंच बरं. छाटताना निघणारा चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो, रबराची ॲलर्जी असलेल्यांना जास्त. लहान मूल असलेल्या घरी रोप देताना हे सांगणं आपलं काम आहे.

कोणाला काय द्यावं, यात माझं मत पक्कं आहे. पहिलं रोप रबर प्लांट. तो मूळचा आपल्याच ईशान्येचा आणि सोशिक. मग नांद्रुक, मग बेंजामिना. पश्चिम आफ्रिकेच्या दमट जंगलातलं फिडल लीफ सगळ्यात शेवटी आणि तेही घर कसं आहे हे विचारून. खायचं अंजीर बैठकीत ठेवायला देऊ नका. पुरंदरच्या उघड्या माळावर पिकणारं ते झाड, त्याची जागा गच्चीवर. तसंच, घरातली हवा शुद्ध करतात असं नासाच्या नावानं सांगून रोपं विकणं आता थांबवू या. नासाचा वॉल्व्हर्टन यांनी केलेला 1989 चा तो अभ्यास छोट्या बंद पेट्यांमधला होता. 2019 मध्ये कमिंग्स आणि वॉरिंग यांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे पुन्हा मांडले, तेव्हा उघड्या खिडक्यांइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील असं निघालं. लोक आपल्यावर विश्वास ठेवून रोप नेतात. ते देखणं आहे, घरात जीव असल्यासारखं वाटतं, एवढं सांगितलं तरी ते नेतील.

या मार्चमध्ये ट्रक उतरतील तेव्हा फिडल लीफचा माल शेडनेटखालीच ठेवावा आणि जुलैपर्यंत विकू नये, अशी माझी विनंती आहे. जे मागायला येतील त्यांचं नाव आणि नंबर वहीत लिहून ठेवा. पाऊस बसला आणि कूलर माळ्यावर गेले की त्यांना फोन करा. तोवर त्यांची खिडकी मोकळी झालेली असेल.