दत्तक आणि घरचे

कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम इथे संत्र्यांच्या बागा तोडून उभारलेले डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले. १७ जुलै २०२५ रोजी त्याला ७० वर्षे पूर्ण झाली. या निमित्ताने तिथल्या मेन स्ट्रीटवरच्या नाट्यगृहात खुद्द वॉल्ट डिस्ने यांचा हलता-बोलता यांत्रिक पुतळा त्या दिवसापासून लोकांसमोर आला. सोहळा मोठा होता. पण या उद्यानांवर जिवापाड प्रेम करणाऱ्यांच्या घरी तेव्हा सुतकही होते. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये मपेट बाहुल्यांचा ‘मपेट व्हिजन’ हा खेळ ७ जून २०२५ रोजी अखेरचा झाला. त्या जागी ‘मॉन्स्टर्स इंक’ या चित्रपटाची दुनिया येणार आहे. महिनाभराने, ६ जुलैला, तिथली ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ ही नदी, नदीतली वाफेची बोट आणि टॉम सॉयरचे बेट यांचाही शेवटचा दिवस झाला. तिथे ‘कार्स’ चित्रपटातल्या मोटारी धावतील.

चाहत्यांमधला जुना वाद यामुळे पुन्हा पेटला आहे. एका बाजूचे म्हणणे असे, की उद्यान घरच्या पात्रांचे असावे. कंपनीने २००६ मध्ये पिक्सार, २००९ मध्ये मार्व्हल आणि २०१२ मध्ये लुकासफिल्म विकत घेतली. तेव्हापासून विकतची पात्रे येतात आणि घरच्यांना बाहेर काढतात. दुसरी बाजू विचारते, लहान मुलाला ज्याला मिठी मारायची आहे ते पात्र कोणाच्या कागदांवर आहे, याच्याशी त्या मुलाचा काय संबंध? दोन्हीकडचे लोक मनापासून बोलतात, म्हणून हा वाद खेळण्यातला समजून सोडून देता येत नाही.

घरचे म्हणजे कोण, हेच आधी पाहू. डिस्नेलँड उघडले त्याच दिवशी सुरू झालेली ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राइड’ केनेथ ग्रॅहम यांच्या १९०८ च्या पुस्तकातल्या बेडकावर बेतलेली आहे. पीटर पॅन जे. एम. बॅरी यांचा, हिमगौरी ग्रिम बंधूंची. कंपनीच्या मुळाशीच हा प्रश्न आहे. ओस्वाल्ड हा ससा वॉल्ट डिस्ने यांनी घडवला, पण त्याचे हक्क युनिव्हर्सलकडे आहेत, आपल्याकडे नाहीत, हे त्यांना १९२८ मध्ये कळून चुकले. त्या घावातून त्याच वर्षी मिकी माऊस आला. ओस्वाल्ड घरी परतला तो ७८ वर्षांनी, २००६ मध्ये. एका नामवंत क्रीडा समालोचकाला करारातून मोकळे करून डिस्नेने त्या बदल्यात ससा मिळवला. जो घरचाच होता, त्यालाही सौद्यातून आणावे लागले. मग कोणाला दत्तक म्हणायचे?

त्या टोडचीच पुढची गोष्ट पाहा. फ्लोरिडातली त्याची राइड बंद करून विनी द पूह आणायचे ठरले, तेव्हा चाहते हिरवे टी-शर्ट घालून राइडपाशी जमले आणि त्यांनी निषेध केला. १९९८ मध्ये ती बंद झालीच. आलेला पूह परका, गेलेला टोडही परका. दोघेही इंग्लंडमधल्या पुस्तकांतून आलेले. पण टोडबरोबर ज्यांचे बालपण गेले, त्यांना तो घरचाच वाटत होता. मपेटांचेही तसेच. जिम हेन्सन यांच्या या बाहुल्या डिस्नेने २००४ मध्ये विकत घेतल्या. ‘मपेट व्हिजन’ मात्र त्याआधीचा, १९९१ चा. हेन्सन १९९० मध्ये गेले आणि हा खेळ त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक ठरला. शेवटच्या दिवशी तिथे ज्यांचे डोळे भरून आले, ते हेन्सन यांच्या हातच्या त्या कामासाठी, त्या नाट्यगृहासाठी आणि तिथे घालवलेल्या आपल्या वर्षांसाठी रडत होते.

तेव्हा रक्ताची कसोटी लावून वाद मिटणार नाही. तरीही चाहत्यांची तक्रार खरी आहे, असे आम्हाला वाटते. ती कळण्यासाठी १९६७ मध्ये जायला हवे. त्या वर्षी मार्चमध्ये ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही राइड उघडली, तेव्हा वॉल्ट डिस्ने यांना जाऊन तीन महिने झाले होते. तिच्यामागे चित्रपट नव्हता, पुस्तक नव्हते. नाव अंधारात शिरते, धबधब्यावरून खाली घसरते आणि पुढे तुरुंगातले चाचे तोंडात किल्ल्या धरून बसलेल्या कुत्र्याला चुचकारत असतात. नायक नाही, कथा नाही. आपण एका जागेत शिरतो आणि ती जागाच आपल्याशी बोलते. दोन वर्षांनी ‘हाँटेड मॅन्शन’ उघडले, त्यातली भुतेही तिथेच जन्मली. चाच्यांवर चित्रपट निघाला तो थेट २००३ मध्ये. २००६ मध्ये जॅक स्पॅरो त्याच राइडमध्ये आणून बसवला, तेव्हा चित्रपटाने आपल्या आईच्याच घरात खोली मागितल्यासारखे झाले. उद्यान ही स्वतंत्र कला आहे, सिनेमाचे दुकान नव्हे, याचा इतका मोठा पुरावा दुसरा नाही.

म्हणून आमची कसोटी वेगळी आहे: ही गोष्ट या जागेसाठी रचली आहे का? १९९५ ची ‘इंडियाना जोन्स’ची राइड तेव्हा दुसऱ्याच्या मालकीच्या पात्रावर होती, पण ती त्या जागेसाठीच घडवलेली आहे. उलट फ्लोरिडातल्या एपकॉट उद्यानाच्या नॉर्वे विभागात एका खऱ्या देशाच्या समुद्राची आणि दंतकथांची सफर होती, तिथे २०१६ मध्ये ‘फ्रोझन’चे काल्पनिक राज्य आले. ‘फ्रोझन’ तर डिस्नेचे स्वतःचे. तरीही बदल खटकतो, कारण नॉर्वे नावापुरता उरला.

कंपनीची अडचण आम्हाला कळते. १० वर्षांत उद्याने आणि जहाजांवर सुमारे ६० अब्ज डॉलर घालायचे जाहीर केल्यावर अनोळखी चेहऱ्यावर पैसा लावायला धीर होत नाही. चित्रपटातल्या पात्राची ओळख करून द्यावी लागत नाही, त्याची खेळणी आधीच दुकानात असतात. पण अनोळखी पात्र चालत नाही, हे खरे नाही. एपकॉटमधला फिगमेंट नावाचा जांभळा ड्रॅगन १९८३ मध्ये त्या उद्यानातच जन्मला. १९९९ मध्ये त्याला जवळपास हद्दपार केले, लोकांनी गदारोळ केला आणि २००२ मध्ये त्याला परत आणावे लागले. २०२२ मध्ये त्याच्या आकाराचा पॉपकॉर्नचा डबा विकायला आला तर लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. शांघायच्या उद्यानात २०२१ मध्ये लीनाबेल ही कोल्हीण आली, तिच्या नावावर तेव्हा एकही चित्रपट नव्हता. आज तिला भेटायला झुंबड उडते. आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिकातही ‘मिस्टर इंडिया’वरची राइड आहे आणि कोणत्याही चित्रपटातून न आलेला भुताटकीचा सलीमगढही आहे. मुले दोन्हींकडे धावतात.

फ्लोरिडासाठी २०२४ मध्ये झालेल्या मोठ्या घोषणा पाहा: ‘कार्स’, ‘मॉन्स्टर्स इंक’, डिस्नेपटांतले खलनायक, ‘एन्कान्टो’, इंडियाना जोन्स. यांतले काही उत्तम होईलही. पण जिथे कोणाच्याही ओळखीचे नसलेले पात्र पहिल्यांदा डोळे उघडेल, अशी जागा त्यांत दिसत नाही. डिस्नेलँड कधीच पूर्ण होणार नाही, असे वॉल्ट डिस्ने सांगत असत. जुने पाडणारेही याचाच आधार घेतात. त्या वाक्याचा आधार घ्यायचा तर एक तुकडा अशा पात्रासाठी मोकळा ठेवावा, एवढेच मागणे आहे.

डिस्नेलँडमध्ये ‘कंट्री बेअर’ अस्वलांचा गाण्यांचा खेळ होता. कोणत्याही चित्रपटातून न आलेली ही अस्वले २००१ मध्ये हटवली आणि पुढे तिथे पूहची राइड आली. ती बांधणाऱ्यांनी त्या जुन्या खेळातली, भिंतीवर टांगलेली तीन मुंडकी मात्र आतच ठेवली आहेत. गाडी पुढे जात असते आणि ती मागच्या बाजूला, अंधारात असतात. ज्यांना ठाऊक आहे ते नेमक्या क्षणी मान वळवतात आणि शेजारी बसलेल्या आपल्या मुलाला बोट करून दाखवतात.